पलटणीचे शब्द आणि घरचा अर्थ

सात-आठ वर्षांपूर्वींची गोष्ट. आमच्या शेजारच्या बिऱ्हाडांतील एक बाई एके दिवशीं अगदीं सकाळींच आमच्याकडे आल्या. चेहरा उतरलेला, डोळे जागरणानें तांबारलेले. त्यांचा धाकटा मुलगा पलटणींत दाखल होऊन थोडेच दिवस झाले होते. आदल्या रात्रीं त्याचा टेलिफोन आला, आणि बोलतां बोलतां तो म्हणाला, "आई, आठ दिवस झाले, मी रोज फटीगवर आहें." बाई शिकलेल्या, फटीग या इंग्रजी शब्दाचा अर्थ त्यांना ठाऊक होता, आणि नेमकी तीच अडचण झाली. आठ दिवस टिकणारा थकवा म्हणजे साधा थकवा नव्हे, अंगांत कांहीं तरी दुखणें मुरलें असलें पाहिजे आणि मुलगा तें आपल्यापासून लपवीत आहे, असें धरून त्यांनीं सारी रात्र बसून काढली होती. मीं त्यांना सांगितलें, कीं पलटणींत फटीग म्हणजे थकवा नव्हे, नेमून दिलेलें अंगमेहनतीचें काम. गवत कापणें, सामानाच्या गाड्या भरणें आणि उतरविणें, तंबूभोंवतीं पावसाच्या पाण्यासाठीं चर खणणें, लंगरांत, म्हणजे जवानांच्या स्वयंपाकघरांत, बटाटे सोलणें, हें सारें फटीगमध्यें मोडतें. मुलगा आजारी असता तर त्याला फटीगवर कोणीं लावलेंच नसतें. बाई हंसल्या, पण लगेच म्हणाल्या, "घरीं यानें कधीं बटाटा सोलला नाहीं हो!"

श्रोतेहो, मी कांहीं लढवय्या नव्हे. वर्दी अंगावर होती खरी. परंतु सेवेचा बहुतेक काळ पलटणीच्या कचेरींत कागद लिहिण्यांत गेला. त्यामुळें तोफांचे आवाज मीं थोडे ऐकले आणि शब्दांचे घोटाळे मात्र पुष्कळ पाहिले. निवृत्त होऊन घरीं आल्यापासून, ज्या ज्या ओळखीच्या घरचा मुलगा फौजेंत आहे त्या घरचे कागद वाचून दाखविण्याचें काम आपसुक माझ्याकडे आलें आहे. त्या अनुभवावरून माझें असें मत झालें आहे, कीं लष्करी बोली लोकांना फसविते ती कठीण असते म्हणून नव्हे, ओळखीची वाटते म्हणून. अगदीं अनोळखी शब्द आला तर मनुष्य चार ठिकाणीं विचारतो. ओळखीचा शब्द आला तर तो विचारीत नाहीं. घरचा अर्थ लावून मोकळा होतो. कधीं त्यानें रात्रीची झोंप जाते, आणि कधीं, तें पुढें सांगणार आहें, पुष्कळच अधिक जातें.

आधीं हे शब्द असे कां घडतात तें पाहूं. पुष्कळांची समजूत अशी, कीं लष्करी बोली ही बाहेरच्यांस कळूं नये म्हणून केलेली गुप्त भाषा आहे. गुप्त लिपि आणि संकेतशब्द फौजेंत असतात; परंतु तो प्रकार निराळा. जवानाच्या रोजच्या तोंडांतले शब्द लपविण्यासाठीं नसून, गोंगाटांत, अंधारांत, घाईंत, निरनिराळ्या प्रांतांच्या माणसांना एका शब्दाचा एकच अर्थ कळावा आणि त्यावर एकच कृति व्हावी, यासाठीं असतात. आपण आतां ज्या रेडिओवर माझा आवाज ऐकत आहां, त्याच तत्त्वावर चालणारें यंत्र पाठीवर घेऊन जवान डोंगरावर बसलेला असतो. त्याच्या यंत्राची गोष्ट अशी, कीं एक बोलत असतांना दुसऱ्यास बोलतां येत नाहीं. म्हणून आपलें बोलणें संपलें, आतां उत्तर द्या, असें सांगण्यास 'ओव्हर' हा शब्द आहे. आणि संभाषणच संपलें, उत्तर नको, असें सांगण्यास 'आउट' हा शब्द आहे. चित्रपटांतला नायक 'ओव्हर अँड आउट' असें दोन्ही एकदम म्हणतो, तेव्हां तो एकाच दमांत "उत्तर दे" आणि "उत्तर देऊं नको" असें सांगत असतो. 'रॉजर' म्हणजे "होय" नव्हे. "तुझा निरोप पोंचला" एवढाच त्याचा अर्थ. निरोप पोंचला आणि त्याप्रमाणें करतों, असें सांगावयाचें तर 'विल्को' म्हणतात. दुसऱ्या महायुद्धाच्या काळच्या वर्णमालेंत आर या अक्षराचें नांव रॉजर होतें, आणि पोंचल्याच्या इंग्रजी शब्दाचें तें आद्याक्षर. १९५६ सालीं नवी वर्णमाला आली, तींत आर चा रोमिओ झाला. परंतु निरोपाच्या पोंचेचा रॉजर तसाच राहिला.

या बाबतींत मला सर्वांत बोलका वाटतो तो एका न उच्चारावयाच्या शब्दाचा नियम. समोरच्याचें बोलणें नीट ऐकूं आलें नाहीं तर आपण घरीं सहज "रिपीट करा" म्हणतों. लष्करी बिनतारी यंत्रावर तसें म्हणत नाहींत. 'से अगेन' म्हणतात. कारण तोफखान्याच्या बोलींत 'रिपीट' म्हणजे "आतां जेथें गोळे टाकले तेथेंच तितकेच पुन्हां टाका." एखाद्या ठिकाणीं आपलीच माणसें पुढें सरकलीं असतील, आणि कोणी बिचारा नीट ऐकूं न आल्यामुळें सौजन्यानें 'रिपीट' म्हणेल, तर काय होईल तें सांगण्याची आवश्यकता नाहीं. घड्याळाचेंही तसेंच. "साडेपांचला या" असें कोणी म्हणत नाहीं. सकाळचे साडेपांच ते ०५३०, संध्याकाळचे ते १७३०. बोलण्यांत जराही फट राहूं द्यावयाची नाहीं, हा त्यामागचा हेतु. फौजेंत राहून आलेला मनुष्य घरींही असेंच बोलूं लागतो आणि मुलेंबाळें हंसतात, तो भाग निराळा!

आतां या बोलीचा बराच भाग आपल्या मराठी घरास जुना परिचित आहे, आणि तोही थोडा फसवितोच. पलटण हा शब्द घ्या. तो प्लाटून या शब्दाचा आपल्याकडे रुळलेला अवतार. परंतु मूळ प्लाटून म्हणजे तीसपस्तीस माणसांची तुकडी. आणि आपला जवान "माझी पलटण" म्हणतो तेव्हां त्याच्या मनांत बटालियन असते, सुमारें आठशें माणसांची. दोन्ही शब्द आज फौजेंत शेजारीं शेजारीं नांदतात. म्हणून पुत्राच्या पत्रांत "प्लाटून कमांडर" असें आलें तर तो आठशें माणसांचा मुख्य नव्हे. मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली पलटण आजही 'जंगी पलटण' म्हणून ओळखली जाते. तिची उभारणी १७६८ सालची.

हवालदार हा तर आपल्या घरचाच शब्द. शिवछत्रपतींच्या पागेंत पंचवीस बारगिरांवर एक हवालदार असे, असें सभासदाच्या बखरीवरून समजतें. आणि गडावरचा हवालदार म्हणजे तर किल्ल्याच्या किल्ल्या ज्याच्या हातीं तो मातबर मनुष्य. आज शहरांत हवालदार म्हटलें कीं चौकांतला पोलीस डोळ्यांपुढें येतो. पलटणींतला हवालदार या दोहोंहून वेगळा. तो शिपाई, लान्स नायक, नायक अशा पायऱ्या चढून आलेला. त्याच्यावर नायब सुभेदार, सुभेदार आणि सुभेदार मेजर. या नायब सुभेदारास १९६५ पर्यंत जमादार म्हणत. तोंपर्यंत नागरी जीवनांत जमादार या शब्दाचा अर्थ पार बदलून गेला होता, आणि "माझे आजोबा जमादार होते" असें सांगणाऱ्या नातवाकडे लोक भलत्याच नजरेनें पाहत. आजोबा वास्तविक तीसचाळीस बंदुकांचे धनी असत. जुन्या कागदांत हा शब्द आढळला तर त्याकडे या दृष्टीनें पाहावें.

इंग्रजी शब्द जवानांच्या जिभेवर कसे घडले हा एक करमणुकीचा विषय आहे. रिक्रूटचा रंगरूट झाला, सेंट्रीचा संत्री झाला, ऑर्डर्लीचा अर्दली झाला. पहारेकऱ्यानें अंधारांत "हू कम्स देअर" असें ओरडावयाचें, त्याचें "हुकुम सदर" झालें. हें उदाहरण भाषाशास्त्राच्या पुस्तकांतून देखील देतात. अर्थाचा अर्थाशीं कांहीं संबंध नाहीं, पण आवाजांत दरारा मात्र मुळाहून अधिक! स्वातंत्र्यानंतर कवाइतीचे हुकूम हिंदींत आले, सावधान, विश्राम, तेज चल, थम. तथापि फॉल इन, फटीग, रोल कॉल हे मात्र राहिलेच. दरबार हा शब्द तर मोगलाईंतून थेट पलटणीच्या मैदानांत येऊन बसला. कमांडिंग ऑफिसर सर्व जवानांना एकत्र बसवून बोलतो आणि कोणासही उभें राहून आपलें म्हणणें मांडतां येतें, त्या सभेस दरबार म्हणतात. सैनिक संमेलन असेंही त्यास म्हणतात. या दरबारांत मुजरे नसतात; रेशनच्या डाळीविषयींची तक्रार असते.

परंतु करमणूक पुरे. घराला ज्यांचा खरा त्रास होतो त्या शब्दांकडे येऊं.

क्वार्टर गार्ड हें राहण्याचें क्वार्टर नव्हे. पलटणीचीं हत्यारें, दारूगोळा, खजिना जेथें राहतो आणि रात्रंदिवस जेथें पहारा असतो ती ही जागा. आणि गुन्हेगार जवानास कोंडावयाचें तें देखील येथेंच. म्हणून मुलगा "क्वार्टर गार्डवर आहे" म्हणजे पहाऱ्याच्या मानाच्या कामावर आहे, आणि "क्वार्टर गार्डमध्यें आहे" म्हणजे बहुधा आंत आहे. एका प्रत्ययाचा हा फरक! ऑर्डरली रूम ही अर्दलीची खोली नव्हे. कमांडिंग ऑफिसर जेथें जवानांचे अपराध आणि अर्ज ऐकतो ती खोली होय. ॲडव्हान्स पार्टींत गेला म्हणजे मेजवानीस गेला नव्हे. पलटण नव्या ठिकाणीं जावयाची असली कीं पुढें जाऊन जागा ताब्यांत घेणारी ही तुकडी. मेजवानीला फौजेंत 'बडा खाना' असा सरळ शब्द आहे.

या मालिकेंतील एका शब्दानें तर माझ्या ओळखीच्या घरीं ठरत आलेलें लग्न मोडूं घातलें होतें. मुलाचें स्थळ चांगलें, पत्रिका जुळली, बोलणीं होत आलीं. मुलीकडच्या एका चौकस गृहस्थांनीं मुलाच्या थोरल्या भावाचा पत्ता पाहिला. भाऊ फौजेंत, आणि वहिनीचा पत्ता 'सेपरेटेड फॅमिली क्वार्टर्स'. झालें! थोरल्याचा संसार मोडला आहे आणि ही गोष्ट आपल्यापासून दडविली, असा बोभाटा झाला. वस्तुस्थिति अशी, कीं फौजेंतलीं ठाणीं दोन प्रकारचीं. जेथें बायकामुलांना नेतां येतें तें 'पीस' ठाणें, आणि जेथें सामान्यतः नेतां येत नाहीं तें 'फील्ड'. जवान फील्डवर गेला म्हणजे त्याच्या कुटुंबास राहण्यासाठीं सरकार कांहीं ठिकाणीं घरें राखून ठेवतें; तीं हीं सेपरेटेड फॅमिलीचीं घरें. नवराबायकोंत अंतर पडलेलें असतें तें मैलांचें, मनाचें नव्हे. मला मध्यें पडून हें समजावून सांगावें लागलें. लग्न झालें, आणि मला आहेरांत उपरणें मिळालें.

पत्त्याचेंच निघालें म्हणून सांगतों. "मुलगा छप्पन्न एपीओमध्यें आहे, तें हिंदुस्थानांत कोणत्या बाजूला आलें?" असें मला आजवर निदान पन्नास जणांनीं विचारलें असेल. छप्पन्न एपीओ हें गांव नाहीं. एपीओ म्हणजे सैनिकी टपालकचेरी. ५६ एपीओचें टपाल दिल्लीच्या मुख्य सैनिकी टपालकचेरींत जातें, ९९ एपीओचें कलकत्त्याच्या. तेथें तें निवडून पलटण जेथें असेल तेथें रवाना होतें. या पत्त्यांच्या पिनकोडाचा पहिला आंकडा ९ असतो. पलटण काश्मीरांत असो वा राजस्थानांत, पत्ता तोच; आणि पत्त्यावरून ठिकाण कळूं नये हाच त्यांतला उद्देश. तेव्हां पत्र लिहितांना जवानाचा नंबर, हुद्दा, नांव, पलटण आणि एपीओ एवढेंच लिहावें. प्रेमानें गांवाचें नांव घालूं नये.

रजेच्या शब्दांविषयीं मात्र मला जरा कळकळीनें बोलावयाचें आहे. नियमित जवानास वर्षाला ६० दिवस वार्षिक रजा आणि ३० दिवस कॅज्युअल लीव्ह असते. २०२२ पासून अग्निपथ योजनेंत भरती होणाऱ्या अग्निवीरास वार्षिक रजा ३० दिवसांची. आपल्या कचेऱ्यांत कॅज्युअल हा शब्द हलका झाला आहे. सोमवारीं यावयाचें तें मंगळवारीं आलों तर चालतें, असा त्याचा घरगुती अर्थ. फौजेंत कोणतीही रजा हलकी नाहीं. मिळालेली रजा पुरेशा कारणाशिवाय ओलांडणें हा १९५० च्या आर्मी ॲक्टाच्या ३९ व्या कलमाखालीं गुन्हा आहे, आणि त्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊं शकते. विनापरवाना गैरहजेरीस ३० दिवस झाले कीं चौकशीचें मंडळ बसतें, त्याची नोंद होते, आणि नंतरही मनुष्य हजर झाला नाहीं तर त्याला पळपुटा समजलें जातें. फौजेंतला रोजचा शब्द 'भगोडा'. पळून जाण्याचा अपराध ३८ व्या कलमांत येतो आणि त्याची शिक्षा आणखी जबर. पलटण प्रत्यक्ष कामगिरीवर, म्हणजे 'ॲक्टिव्ह सर्व्हिस'वर असेल, तर ती देहान्तापर्यंत जाऊं शकते. या ॲक्टिव्ह सर्व्हिसचा अर्थही घरीं "अजून नोकरींत आहे" असा करतात. कायद्यांतला अर्थ शत्रूविरुद्ध मोहिमेवर असणें हा आहे.

आतां विचार करा, कीं या गुन्ह्याला प्रोत्साहन बहुतेक वेळां कोण देतें? आई देते. "बहिणीचें साखरपुड्याचें दोन दिवसांवर आलें आहे, राहा कीं!" पूर्वीं "आई अत्यवस्थ, निघून या" अशा तारा जात. त्यांतल्या कित्येक खऱ्या नसत, म्हणून खऱ्या तारेवरही अधिकाऱ्यांचा चटकन विश्वास बसत नसे. २०१३ सालीं तारेची सोयच बंद झाली. आतां तेंच काम मोबाइलवर होतें. अडचण खरी असेल तर मार्ग आहे. रजा संपण्यापूर्वीं पलटणीला कळवून ती वाढवून मागावी, आणि जवान आजारी पडला तर जवळच्या लष्करी रुग्णालयांत किंवा स्टेशन हेडक्वार्टरांत हजर व्हावें. वाढवून मिळाली असें उत्तर आलें तरच ती वाढली. उत्तर न येणें म्हणजे होकार, हा घरगुती नियम तेथें चालत नाहीं.

शेवटीं ज्या शब्दासाठीं मुख्यतः मीं हा विषय घेतला त्याकडे येतों. तो शब्द कॅज्युअल्टी. हा शब्द ऐकला कीं घरांतल्या माणसांच्या काळजाचें पाणी होतें, आणि तें स्वाभाविक आहे. परंतु रणभूमीवरच्या हिशेबांत देखील कॅज्युअल्टी म्हणजे केवळ मृत नव्हे. मृत, जखमी, बेपत्ता, शत्रूच्या हातीं सांपडलेले, असे जे जे लढण्यास उरले नाहींत त्या सर्वांची ती बेरीज. १९९९ च्या कारगिल युद्धांत आपले ५२७ जवान आणि अधिकारी कामास आले आणि १,३६३ जखमी झाले. कॅज्युअल्टींची संख्या म्हणून या दोहोंची बेरीज अठराशेंच्या पुढें जाते. ही बेरीज वाचून कोणी तितके मृत्यु धरील तर मृतांचा आंकडा साडेतीन पटींनीं फुगेल. वर्तमानपत्रांच्या भाषांतरांत हा प्रमाद मीं अनेकदां पाहिला आहे.

पण याहूनही निराळा असा या शब्दाचा तिसरा अर्थ पलटणीच्या कचेरींत आहे, आणि तो बाहेर फारसा कोणास ठाऊक नाहीं. पलटणींत रोजचे हुकूम निघतात, त्यांचे दोन भाग. पहिल्या भागांत उद्यांची कवाईत, पहारे, पाहणी वगैरे. दुसऱ्या भागांत, ज्याला 'पार्ट टू ऑर्डर' म्हणतात, जवानाच्या सेवेंत, पगारांत किंवा कुटुंबांत जो जो बदल झाला त्याची नोंद. रजेवर गेला, बढती मिळाली, लग्न झालें, मुलगी झाली, बदली झाली, यांतली प्रत्येक नोंद कचेरीच्या बोलींत एक 'कॅज्युअल्टी'च. लग्नाची कॅज्युअल्टी, अपत्यजन्माची कॅज्युअल्टी, असे शब्द आम्ही कारकून दिवसभर निर्विकारपणें उच्चारीत असूं. तो कागद रेकॉर्ड ऑफिसांत जातो, मराठा लाइट इन्फंट्रीचा असेल तर बेळगांवास. तेथें जवानाच्या 'शीट रोल'मध्यें, म्हणजे त्याच्या सेवेच्या मूळ पत्रकांत, ती गोष्ट चढते. जी गोष्ट तेथें चढली ती सरकारच्या दृष्टीनें घडली. जी चढली नाहीं ती, अक्षता पडल्या असोत, पांचशें पानें उठलीं असोत, घडलीच नाहीं असें समजून पुढचे सारे व्यवहार चालतात. कुटुंबाचें निवृत्तिवेतन त्यांतच आलें.

आणि येथें आपल्या महाराष्ट्रांतील एक चाल आडवी येते. लग्नांत वधूचें नांव बदलतात. ताटांतल्या तांदळांवर अंगठीनें नवें नांव लिहितात. जवान चार दिवसांनीं पलटणींत परत जातो आणि कारकुनाला बायकोचें नांव सांगतो. कोणतें सांगतो? कधीं माहेरचें, कारण सोयरीक जुळतांना तेंच त्याच्या कानीं पडलेलें, कधीं सासरचें. पुढें आधारपत्रावर एक, शाळेच्या दाखल्यावर दुसरें, शीट रोलमध्यें तिसरेंच. नवरा हयात आहे तोंवर याचें कोणास कांहीं वाटत नाहीं. माझ्याकडे एक वृद्ध विधवा बाई आल्या होत्या. यजमान सुभेदार म्हणून निवृत्त होऊन पुष्कळ वर्षांनीं वारले. रेकॉर्डांत पत्नीचें नांव माहेरचें. हातांतल्या प्रत्येक कागदावर सासरचें. कागदांच्या जगांत या दोन निरनिराळ्या बायका ठरल्या, आणि त्यांपैकीं पेन्शन कोणीस द्यावें हा प्रश्न उभा राहिला. "अहो, चाळीस वर्षें मीच त्यांना डबा बांधून दिला," असें त्या मला पुनःपुन्हां सांगत. प्रतिज्ञापत्रें, गांवचे दाखले, जुन्या माणसांचे जबाब, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाच्या फेऱ्या, अशांत दोन वर्षांहून अधिक काळ गेला. पेन्शन मिळालें, परंतु मधल्या काळांत त्यांनीं गळ्यांतलें मोडलें होतें. ज्या कारकुनानें चाळीस वर्षांपूर्वीं तें नांव लिहून घेतलें त्याला मी दोष देत नाहीं. मीही तसेंच लिहून घेत होतों.

मुलांच्या जन्मतारखांचें तसेंच. शाळेंत घालतांना मास्तरांनीं १ जून लिहिलेला, पार्ट टू ऑर्डरींत खरी तारीख. पुढें मुलीच्या कागदांत दोन जन्म! 'नेक्स्ट ऑफ किन' म्हणून कोणाचें नांव आहे, म्हणजे कांहीं बरेंवाईट झाल्यास पहिली वार्ता कोणास जावयाची, तेंही एकदां विचारून ठेवावें. लग्नापूर्वीं बहुधा वडिलांचें असतें, आणि वडील गेल्यावरही कित्येक वर्षें तेंच राहिलेलें मीं पाहिलें आहे. जवान रजेवर आला म्हणजे जेवणखाण, सगेसोयरे यांतून अर्धा तास काढून हे सर्व कागद एकमेकांशीं ताडून पाहावेत. नांवाचें रोमन लिपींतलें अक्षर न् अक्षर पाहावें. लक्ष्मीचें नांव इंग्रजींत किती तऱ्हांनीं लिहितां येतें तें आपणांस ठाऊकच आहे.

आमच्या शेजारच्या त्या बाईंचा मुलगा आतां नायक आहे. गेल्या वैशाखांत त्याचें लग्न झालें. गुरुजींनीं तांदळाचें ताट पुढें केलें तेव्हां बाईंनींच सांगितलें, कीं मुलीचें नांव आहे तेंच चांगलें आहे, तेंच लिहा. गुरुजी किंचित् गोंधळले. मुलीकडची मंडळी मात्र खूष झाली. मुलगा परत जातांना विवाहनोंदणीचा दाखला त्याच्या पिट्ठूंत, म्हणजे पाठीवरच्या पिशवींत, मीं माझ्या हातानें ठेवला. पुढें महिन्याभरानें एका रात्रीं त्यांच्या घरचा टेलिफोन वाजला. भिंत सामाईक असल्यामुळें आम्हांस ऐकूं आलें. थोड्याच वेळानें बाई आमच्या दारांत उभ्या. म्हणाल्या, "ऐकलेंत का? त्याची कॅज्युअल्टी छापून आली!" जिन्यावरून वर येत असलेले वरच्या मजल्यावरचे एक गृहस्थ तें ऐकून जागच्या जागीं थबकले, आणि बाईंच्या हातांतली पेढ्यांची बशी पाहून त्यांना कांहीं उमजेना. त्यांना आंत बोलावून बसविलें, आणि पार्ट टू ऑर्डर म्हणजे काय तें मीं पुन्हां पहिल्यापासून सांगावयास घेतलें.